घरची ड्युटी: आजारी मुलाच्या खासगी नर्सने आधी काय ठरवून घ्यावे?

जीएनएम किंवा एएनएमचा निकाल लागला, परिषदेकडे नोंदणी झाली, की मुक्ताईनगर, बोदवड, रावेर भागातल्या मुलींपुढे साधारण तीन वाटा असतात. सरकारी भरतीची वाट पाहायची, जळगाव-भुसावळच्या एखाद्या खासगी दवाखान्यात लागायचे, नाहीतर पुणे, मुंबई, नाशिक किंवा सुरतच्या ब्युरोमार्फत घरची ड्युटी घ्यायची. घरची ड्युटी म्हणजे म्हाताऱ्या माणसाची सेवा, असाच समज पूर्वी होता. आता तिथे लहान मुलेही असतात. नाकातून पोटात नळी असलेले, गळ्याला श्वासाची नळी बसवलेले, ऑक्सिजनवर असलेले किंवा वारंवार झटके येणारे मूल, आणि त्याच्यासाठी दिवसाचे बारा तास घरी येणारी एक सिस्टर.

याचे कारण वैद्यकशास्त्राच्या यशात आहे. नवजात अतिदक्षता कक्ष जिल्हा पातळीवर पोहोचले, लहान मुलांचे व्हेंटिलेटर सुधारले. पूर्वी जी बाळे वाचत नसत, ती वाचून घरी येऊ लागली. पण त्यातल्या काहींना घरी आल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, नर्सिंगची गरज लागते. रुग्णालय डिस्चार्ज देते, विम्याची फाइल बंद होते आणि वॉर्डातले काम घराच्या मधल्या खोलीत सुरू होते.

हे काम ‘हलके’ समजून अनेक नव्या मुली ते स्वीकारतात. एकच पेशंट, धावपळ नाही, ओरडणारी मेट्रन नाही. प्रत्यक्षात वॉर्डात तीन गोष्टी असतात, ज्या घरात नसतात. अडले तर हाक मारायला वरिष्ठ सिस्टर, डॉक्टरांच्या सहीची लेखी ऑर्डर आणि ड्युटी बदलताना होणारे हस्तांतर. या तिन्ही गोष्टी घरात उभ्या केल्याशिवाय ड्युटी सुरू करणे मुलासाठी धोक्याचे आहे, आणि नव्या नर्सच्या नावासाठीही.

गडचिरोलीने काय दाखवले

घरी चांगली बालशुश्रूषा होऊ शकते का, याचे उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरोघरी नेली. हे काम करणाऱ्या गावातल्याच कमी शिकलेल्या स्त्रिया होत्या. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होता. याच धर्तीवर २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्या देशभर नवजात बाळांना घरी जाऊन पाहू लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी.

या प्रयोगातून ‘पदवीची गरज नाही’ एवढाच अर्थ काढणे चुकीचे ठरेल. त्या स्त्रियांना ठरावीक कामांचे हातात धरून प्रशिक्षण मिळाले होते, लागणारे साहित्य पिशवीत होते आणि त्यांच्या नोंदी कोणीतरी नियमित तपासत होते. आज घरच्या ड्युटीवर जाणाऱ्या नोंदणीकृत नर्सकडे शिक्षण जास्त असते, पण या तीनपैकी एकही गोष्ट बहुतेक वेळा नसते. ब्युरो फोनवर पत्ता देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती दारात उभी असते.

होकार देण्याआधी

पहिला नियम म्हणजे मुलाला घरी नव्हे, रुग्णालयातच पाहायचे. डिस्चार्जच्या आधी किमान दोन ड्युट्या वॉर्डात त्या मुलासोबत करण्याची मागणी नर्सने करावी. त्या वेळात सक्शन, नळीतून दूध देणे, गळ्याची पट्टी बदलणे हे सारे तिथल्या सिस्टरच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करावे. नुसते पाहिलेले काम रात्री दोन वाजता जमत नाही. मूल आधीच घरी आले असेल तर पुढच्या तपासणीला त्याच्यासोबत जावे आणि डॉक्टरांसमोर ते काम करून दाखवावे.

दुसरा नियम तीन कागदांचा. डिस्चार्ज कार्डाची प्रत हा पहिला. त्यात निदान, आजचे वजन, नळीचा आकार आणि औषधांचे डोस असलेच पाहिजेत. दुसरा कागद डॉक्टरांच्या सहीचा: ऑक्सिजन किती खाली गेला तर काय करायचे, झटका किती मिनिटे चालला तर कोणते औषध द्यायचे, कोणाला फोन करायचा. तिसरा कागद घरच्यांशी किंवा ब्युरोशी झालेल्या कराराचा: तास, पगार, सुट्टी, कामाची यादी.

कमी दिवसांच्या बाळाबाबत डिस्चार्ज कार्डावर आणखी एक तारीख शोधावी, ती डोळ्यांच्या तपासणीची. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. फारच लहान बाळांचा त्याहूनही आधी. ‘रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’ वेळेत सापडली तर उपचार होतो, उशीर झाला तर दृष्टी जाते. बाळ अंगावर पिते, वजन वाढते म्हणून घरचे ही फेरी टाळतात. ती आठवण करून देणे हे नर्सचे काम आहे.

पहिली तीन मिनिटे

मुक्ताईनगरहून जळगावचे वैद्यकीय महाविद्यालय पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. १०८ ची गाडी आली तरी तिला वेळ लागतो. माघात मुक्ताई-चांगदेव यात्रेत रस्ते भरलेले असतात, तेव्हा आणखी लागतो. गळ्याची नळी कफाने बुजली तर मुलाकडे काही मिनिटेच असतात. म्हणजे त्या मिनिटांत जे करायचे ते घरातच आणि बहुधा एकटीनेच करायचे आहे.

त्यासाठी पलंगाशेजारी एक पिशवी कायम भरलेली असावी. त्याच मापाची एक जादा नळी, एक त्याहून लहान मापाची, पट्ट्या, कात्री, सक्शनच्या नळ्या, अँबू बॅग आणि पल्स ऑक्सिमीटर. मूल फिजिओथेरपीला गेले तरी ही पिशवी त्याच्यासोबत जाते. ड्युटीवर आल्यावर पाणी पिण्याआधी ही पिशवी आणि सक्शन मशीन तपासण्याची सवय लावून घ्यावी.

क्रम पाठ असावा. मूल निळे पडू लागले, छाती हलत नाही, तर आधी सक्शन. नळी आधी मोजून ठेवलेल्या खुणेपर्यंतच आत घालायची आणि एका वेळी पाच ते दहा सेकंदांपेक्षा जास्त ओढायचे नाही. सक्शनची नळी आत जातच नसेल तर गळ्यातली नळी बुजली आहे किंवा निसटली आहे असे समजून ती लगेच बदलायची. तेवढीच आत जात नसेल तर लहान मापाची घालायची. श्वास नसेल तर अँबू बॅगने श्वास द्यायचा, नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करायची; एकटी असेल तर ३० दाब आणि २ श्वास. १०८ ला फोन घरातल्या दुसऱ्या माणसाने करायचा, आणि तो कोणी करायचा हे पहिल्याच दिवशी ठरवायचे.

झटक्यांच्या बाबतीत घरातले प्रेमच आड येते. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, दातखीळ उघडायला चमचा घालणे हे अजून सर्रास चालते. नर्सने मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि पहिले काम म्हणून घड्याळ पाहावे. पाच मिनिटांच्या वर चाललेला झटका ही आणीबाणी आहे. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो ऑर्डरप्रमाणे द्यावा आणि गाडी बोलवावी.

‘एक चमचा द्या’ म्हणजे किती?

मोठ्यांच्या वॉर्डातून आलेल्या नर्सची सर्वात जास्त गफलत औषधांच्या मापात होते. मुलांचा डोस वजनावर ठरतो, आणि तो मिलिग्रॅममध्ये असतो, मिलिलिटरमध्ये नव्हे. पॅरासिटामॉलचेच उदाहरण घ्या. किलोला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने ८ किलोच्या मुलाला एका वेळी १२० मिलिग्रॅम लागते. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते ५ मिलिलिटर होतात. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचे सिरप असेल तर साधारण २.४. आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेले थेंबांचे औषध असेल तर फक्त १.२. आजीने ‘तेच औषध’ म्हणून थेंबांच्या बाटलीतून चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, दिले तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात, चौपटीहून जास्त.

म्हणून बाटली बदलली की हिशेब पुन्हा मांडावा. औषध सिरिंजनेच मोजावे, चमचा घरात असला तरी. वजन दर पंधरा दिवसांनी घेऊन डॉक्टरांना कळवावे. फोनवर सांगितलेला डोस लिहून घ्यावा, परत वाचून दाखवावा आणि तो संदेश म्हणून मागवून घ्यावा.

नाकातल्या नळीतून दूध देण्याआधी हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी रीत अजून शिकवली जाते, पण ती भरवशाची नाही. फुप्फुसात गेलेल्या नळीतूनही तसाच आवाज येऊ शकतो. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच पट्टीवर ५.५ किंवा त्याहून कमी यावा आणि नाकपुडीजवळची खूण हललेली नसावी. शंका असेल तर दूध थांबवावे. एक वेळचे दूध चुकल्याने होणारे नुकसान भरून काढता येते. दूध फुप्फुसात गेले तर ते मुलाच्या जिवावर बेतू शकते. दूध देताना डोके उंच आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवावे.

लाइट, ऊन आणि देवघर

खानदेशात घरच्या ड्युटीला स्थानिक अडचणीही असतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि सक्शन मशीन दोन्ही विजेवर चालतात. इन्व्हर्टरवर कॉन्सन्ट्रेटर किती वेळ चालतो हे घरच्यांना विचारून भागत नाही. एकदा प्लग काढून घड्याळ लावून पाहावे लागते. सक्शनसाठी पायाने चालवायचे मशीन किंवा बॅटरीवरचे मशीन हवेच.

सिलिंडरचा हिशेब सोपा आहे. ‘बी टाइप’ सिलिंडर भरलेला असताना त्यात साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १ लिटरने तो २५ तास पुरतो, २ लिटरने साडेबारा तास. काटा अर्ध्यावर असेल तर वेळही अर्धा. हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत, म्हणजे सिलिंडर कधी भरून आणायचा यावर वाद होत नाही.

ऑक्सिजनच्या खोलीत निरांजन, अगरबत्ती, धूप, बाळाला शेक द्यायची शेगडी, विडी-सिगारेट यांपैकी काहीही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर देव हलवायला सांगण्यापेक्षा मुलाचा पलंग दुसऱ्या खोलीत न्यावा, हे घरच्यांना लवकर पटते. कोरड्या उन्हाळी हवेत गळ्याच्या नळीतला कफ घट्ट होतो आणि नळी बुजते. डॉक्टरांनी दिलेले ओलावा राखणारे ‘नाक’ बदलत राहावे आणि कूलरचा झोत थेट मुलाच्या गळ्यावर येऊ देऊ नये.

घर दुसऱ्याचे, जबाबदारी स्वतःची

पहिल्या आठवड्यात घरातले प्रत्येक जण सिस्टरची परीक्षा घेत असतात. आई थकलेली असते आणि धास्तावलेलीही. रुग्णालयात महिनाभर तिनेच मुलाचा श्वास मोजलेला असतो. तिला बाजूला सारणारी नर्स त्या घरात टिकत नाही. मुलाच्या रडण्याचा अर्थ, कोणत्या कुशीवर ते शांत झोपते, हे आईकडून शिकावे. सक्शन आणि अँबू बॅग तिला शिकवावी. नर्स रजेवर असताना मूल सुरक्षित राहते की नाही, यावरून तिचे काम कळते.

मर्यादा मात्र पहिल्याच दिवशी बोलून घ्याव्यात. मुलाचे कपडे, मुलाची भांडी, मुलाची खोली हे नर्सचे काम. ‘सिस्टर, पोळ्या लाटता लाटता त्याच्याकडे लक्ष ठेवा’ हे नाही, कारण गळ्यात नळी असलेल्या मुलाकडे लाटता लाटता लक्ष ठेवता येत नाही. घुटी, कानात-नाकात तेल, मध यांबाबत आजीशी वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांकडून ते कार्डावर लिहून आणावे.

रोजची नोंदवही ही नर्सची ढाल आहे. वेळ, तापमान, ऑक्सिजनची पातळी, किती दूध, किती लघवी, कोणते औषध किती वाजता, कोणाला काय कळवले. ड्युटी संपताना आईची किंवा पुढच्या सिस्टरची सही. काही बिघडले तर ‘सिस्टरने सांगितलेच नाही’ या वाक्याला उत्तर तिथेच मिळते. मुलाचे फोटो किंवा व्हिडिओ स्वतःच्या स्टेटसला ठेवू नयेत, घरच्यांनी हौसेने परवानगी दिली तरी.

स्वतःच्या सुरक्षिततेचीही कायदेशीर बाजू माहीत हवी. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. रात्रीच्या ड्युटीला जाण्या-येण्याची सोय कोण करणार, झोपायची वेगळी जागा आहे का, दाराला आतून कडी आहे का, हे प्रश्न विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही.

पगार, तास आणि पुढचे करिअर

आठवड्यात १६८ तास असतात. बारा तासांची ड्युटी आणि एक सुट्टी धरली तर एक नर्स ७२ तास भरते. म्हणजे दोन नर्स ठेवूनही २४ तास उरतात, ते घरच्यांनाच सांभाळावे लागतात. अनेक घरे हा हिशेब न करता ‘चोवीस तासांची एक सिस्टर’ मागतात. असे काम घेणारी मुलगी रात्री झोपणारच, आणि व्हेंटिलेटरचा अलार्म तिला उठवेलच असे नाही. जागे राहावे लागणाऱ्या मुलासाठी चोवीस तासांची एकटीची ड्युटी नाकारणे हा आळस नसून शहाणपणा आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. ती शिफारस रुग्णालयांपुरती होती. घरच्या ड्युटीचा त्यात विचार नव्हता. तरी बोलणी करताना हा आकडा आधाराला घेता येतो. ब्युरो घरच्यांकडून किती घेतो आणि नर्सला किती देतो, मूल मध्येच दवाखान्यात भरती झाले तर त्या दिवसांचे काय, हे लेखी हवे. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत.

करिअरच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा मुद्दा अनुभवाचा आहे. ‘एम्स’च्या नर्सिंग ऑफिसर भरतीसाठी जीएनएम झालेल्या उमेदवाराला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. घरच्या ड्युटीची पाच वर्षे तिथे धरली जात नाहीत. म्हणून नव्या जीएनएम नर्सने आधी बालरोग किंवा नवजात विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात दोन वर्षे काढावीत. तिथे हातही तयार होतो आणि प्रमाणपत्रही मिळते. नंतर घरची ड्युटी घेतली तर पगार मागण्याची ताकद वेगळी असते. बीएलएस आणि मुलांच्या जीवरक्षणाचे ‘पाल्स’ हे कोर्स त्याच काळात करावेत. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू ठेवावी, तिचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. सहा महिन्यांचा ‘पेशंट केअर’ कोर्स केलेल्या मुलीने स्वतःला नर्स म्हणवून इंजेक्शन देऊ नये. घडले तर ब्युरो हात वर करतो आणि ती अडकते.

मोजणी कोण करणार?

आजारी मुलाचे घर हे धोरणाचा विषय होऊ शकते, हे अमेरिकेत १९८१ मध्ये दिसले. आयोवा राज्यातली केटी बेकेट ही चिमुरडी व्हेंटिलेटरवर होती. तिचा खर्च सरकारी योजना रुग्णालयात असेपर्यंतच देत होती. घरी नेले तर मदत बंद. प्रकरण थेट राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यापर्यंत गेले, तिला घरी जायची सूट मिळाली आणि पुढे कायदा बदलला. घरी मिळणारी नर्सिंग हा तिथे अनेक मुलांचा हक्क झाला.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातल्या उपचारांवर बेतलेली आहे. घरच्या नर्सचा पगार शेती विकून, दागिने मोडून किंवा भाऊबंदांकडून उसने घेऊन दिला जातो. सेरेब्रल पाल्सीसारख्या अवस्थेत केंद्राच्या ‘निरामय’ विम्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आधार मिळतो आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपी मिळू शकते. ही माहिती घरच्यांपर्यंत बहुधा नर्सच पोहोचवते.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. नर्सेसची राष्ट्रीय नोंदवही हा त्याचा एक गाभा आहे. पण कोण रुग्णालयात आणि कोण घरोघरी काम करते, घरच्या कामावर देखरेख कोणाची, हे प्रश्न सुटल्याशिवाय ती नोंदवही अपुरी राहील. जिल्हा रुग्णालयाने नळीवर घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाची यादी ठेवावी, घरच्या नर्सला डिस्चार्जआधी दोन दिवस वॉर्डात बोलवावे आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर द्यावा. याला नवी इमारत लागत नाही. तोवर ही तिन्ही कामे ड्युटी घेणाऱ्या मुलीलाच मागून घ्यावी लागतील. वॉर्डात दोन दिवस, सहीचा कागद आणि रात्रीचा नंबर. हे तीन मिळत नसतील तर ड्युटी नाकारावी. तसे करणारी नर्स त्या मुलाचे नुकसान करत नाही.